उरलेले नऊ टक्के

प्रिय धाकट्या,

तुझा कालचा निरोप वाचला. परवाचाही वाचला होता. बाबा त्या दिवशी निघाले तेव्हा गाडीच्या टायरमध्ये हवा किती होती, हे मला माहीत नाही. मी दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते, टायरमध्ये हवा भरत नाही. आदल्या रात्री गाडी किती टक्क्यांपर्यंत चार्ज केली होती, हेही मला माहीत नाही. पहाटे बाहेर किती अंश होतं, तेही माहीत नाही. गार होतं. नळाचं पाणी गोठलं होतं, एवढं आठवतं. तुझा निरोप आला की आई समोर मटार सोलत बसलेली असते, ती मान वर करते आणि विचारते, ‘कधी येतोय म्हणाला?’ आता मी तिला काय सांगायचं? एकदा खरं ते सांगून टाकलं, की तो टायरमधली हवा विचारतोय. ती म्हणाली, ‘त्याला म्हणावं, ये आणि मोज.’

पत्र लिहायची मला सवय नाही हे तुला माहीत आहे. शाळेत निबंधाला मी कायम काठावर पास. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू करते आणि तू ‘पण ताई, एक सांग’ म्हणून पुढचा आकडा विचारतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही. तेव्हा शांतपणे बस आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं सोडून पुढे जाऊ नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

बाबा गेल्यापासून तू घरी आलेला नाहीस. त्या आठवड्यात धुक्यामुळे विमानं बंद होती, ते मान्य. तू दोन दिवस विमानतळावर बसून परत गेलास, तेही मान्य. पण धुकं ओसरून आता किती काळ लोटला. मग तुझ्या त्या पुलाची चाचणी आली, मग साहेबांची भेट आली, मग ताप आला. आईने एकदाही कुरकुर केली नाही. तुझी खोली मात्र तिने झाडून ठेवली आहे, आणि ती मधूनमधून पुन्हा झाडते. मला ते बघवत नाही. मी बोलत नाही म्हणजे मला काही वाटत नाही असं लोक समजतात. तू तरी समजू नकोस.

तुला गाडीबद्दलच बोलायचं आहे ना, तर गाडीबद्दलच बोलू. तू दोन वर्षांपूर्वी ती इलेक्ट्रिक गाडी बाबांसाठी पाठवलीस तेव्हा ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले होते. आई म्हणत होती, अहो, ती घरापर्यंतच येणार आहे. पण नाही. गाडी आली, बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, पुढचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, इंजिनच विसरले की हे लोक.’ ते गंमत करत होते की खरंच विचारत होते, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना एकेक चक्कर मारून आणली. आवाज येत नाही, आवाज येत नाही, म्हणून प्रत्येकाला गप्प बसायला लावत होते.

पहिला उन्हाळा छान गेला. मग थंडी आली आणि तुमच्या दोघांची जुंपली. बाबांचं म्हणणं, गाडी तीनशे किलोमीटर सांगते आणि दीडशेतच मान टाकते. तुझं म्हणणं, थंडीत असंच होतं, बॅटरीच्या आतली रसायनं गारठली की मंद होतात. त्यात पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची धग फुकट मिळते, इथे हीटरसुद्धा त्याच बॅटरीतून खातो. तू सांगत होतास ते बरोबरच होतं. पण तू ते पुलाचा अहवाल वाचून दाखवल्यासारखं सांगायचास, आणि समोर कोण बसलंय हे विसरायचास. समोर बसला होता कोल्ड स्टोरेजचा माणूस. सगळा जन्म बटाट्यांची पोती आणि सफरचंदांच्या पेट्या गारव्यात सांभाळण्यात गेलेला. त्याला तू सांगणार की थंडी वाईट!

बाबांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू गारव्यात टिकते. टॉर्चचे सेल ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायचे, आठवतं ना? आई ओरडायची, की पाहुण्यांसमोर फ्रिज उघडायची लाज वाटते. तर तू ज्या दिवशी सांगितलंस की गाडी आडोशाला, शक्यतो बंद जागेत ठेवा, त्याच दिवशी बाबांनी ती घरामागच्या शेडमधून काढली आणि उत्तरेच्या भिंतीकडे उघड्यावर लावली. तिथे दुपारपर्यंत ऊन येत नाही. ‘चार अंशाला बटाटा आठ महिने टिकतो,’ ते मला म्हणाले, ‘बॅटरीचं काय घेऊन बसलाय तो.’ सकाळी काचेवर बर्फाचा थर. मग ते कवळीच्या जुन्या डबीच्या झाकणाने तो खरवडत बसायचे. ती डबी माझ्या कामातली, तीही मला न विचारता नेलेली.

चार्जिंगचं तर विचारू नकोस. तू कानीकपाळी ओरडून सांगितलंस, की फिरून आलात की बॅटरी उबदार असते, तेव्हाच लगेच चार्जिंगला लावा, थंडगार बॅटरी चार्ज व्हायला वेळही जास्त घेते आणि तिला ते सोसतही नाही. आणि बाबा काय करायचे? गाडी आणून उभी करायची आणि दोन-तीन तास तिला हातही लावायचा नाही. चार्जरची वायर खांद्यावर घेऊन मी उभी असले तर मला परत पाठवायचे. ‘थांब. आधी निवू दे.’ हे त्यांच्या कामातलं होतं. शेतावरून आलेला गरम माल तसाच कोठीत कोंडला की त्याला घाम सुटतो, आणि घाम सुटला की तो कुजतो. म्हणून माल आधी निवू द्यायचा, मग आत घ्यायचा. चाळीस वर्षं त्यांनी हमालांना हेच शिकवलं, आणि चाळीस वर्षं त्यांचा माल कुजला नाही. हा माणूस तुझ्या फोनवरच्या बोलण्याने बदलणार होता का? मी एकदा म्हटलं, ‘बाबा, गाडी म्हणजे बटाटा नव्हे.’ त्यांनी वायर माझ्या खांद्यावरून काढून घेतली. मग म्हणाले, ‘तूसुद्धा त्याच्याच पार्टीत गेलीस?’ त्यानंतर मी त्या विषयात पडले नाही.

आणि तू तिकडून फोनवर सगळं बघत बसायचास. गाडी तुझ्या नावावर, तिची सगळी खबर तुझ्या मोबाइलवर. किती टक्के उरले, गाडी कुठे आहे, चार्जिंगला लावली का, हीटर चालू आहे का. बाबा बाजारात भाजी घेत असायचे आणि तुझा फोन यायचा, ‘बाबा, गाडी बंद असताना आत हीटर का चालू आहे?’ कारण आत अमोनियाकाका बसलेले असायचे. बाबांचे हे जुने सोबती, कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरवर होते, अंगाला कायम अमोनियाचा वास, म्हणून आपण ठेवलेलं नाव. गुडघे दुखतात म्हणून ते गाडीतून उतरायचे नाहीत, आणि बाबा त्यांच्यासाठी हीटर सोडून जायचे. बाबा सगळ्यांना सांगायचे, ‘पोराने गाडी दिली नाही, माझ्यावर वॉचमन बसवलाय.’ सांगताना तक्रारीचा सूर असायचा, पण सांगायचे मात्र प्रत्येकाला. दुकानदाराला, पोस्टमनला, माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरलासुद्धा.

तुम्हा दोघांचं भांडण हीटरवरच अडलेलं होतं. तुझं म्हणणं, लांब जाताना हीटर बंद ठेवा, सीट गरम करायचं बटण वापरा, ते फार खात नाही, अंगात स्वेटर घाला. बाबांचं म्हणणं, नोकरीत जेवढा गारठलो तेवढं पुरे झालं. त्या कोठीत घालायचा त्यांचा जाडजूड कोट तुला आठवत असेल. घरी आल्यावरसुद्धा त्यातून गारवा येत राहायचा, आणि आपण दोघं त्याला गाल लावून ओरडत पळायचो. निवृत्तीच्या दिवशी तो कोट त्यांनी गेटवरच्या माणसाला देऊन टाकला आणि पुन्हा कधी तसला घेतला नाही. गाडी हवी तेवढी थंडीत राहू दे, तिला त्याने आयुष्य लाभतं. आतल्या माणसाला मात्र ऊब पाहिजे. असा त्यांचा न्याय होता. मी दोघांच्या मध्ये बसून कवळ्यांच्या साच्यांचं प्लॅस्टर कालवायचे आणि मनात म्हणायचे, देवा, या दोघांना एकच गाडी का दिलीस.

बाबा गेले त्या रात्री तुझा पहिला निरोप काय होता, सांगू? ‘नऊ टक्के कसे राहिले?’ एवढाच. आईचं कसं आहे, तू कशी आहेस, काही नाही. मी तो निरोप वाचला आणि फोन उपडा ठेवला. मला वाटलं, हा कसला माणूस झाला आहे. बाप गेला आणि हा बॅटरी विचारतो. त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी तुझं तेच. कंपनीला पत्रं लिहिलीस, गाडीतली सगळी नोंद मागितलीस, रस्त्याचा चढ किती, वारा कुठून होता. मी उत्तरं देणं बंद केलं. मला राग येत होता, आणि राग आला की माझी जीभ आणखीच जड होते. आईला तर सांगायची सोयच नव्हती.

आता परवाचं ऐक. मी लॅबमध्ये होते, हात प्लॅस्टरने भरलेले, आणि शेजारच्या वहिनींचा फोन आला, की तुमच्या दारात क्रेन लावलेला ट्रक उभा आहे आणि तुमची आई गाडीत जाऊन बसली आहे. मी तशीच धावत आले. बघते तर खरंच. तू गाडी विकलीस. मला न सांगता, आईला न सांगता, तिकडे बसून, फोनवर. ट्रकवाला हातात कागद घेऊन खिडकीशी उभा, आणि आई दोन स्वेटर घालून पुढच्या सीटवर, मांडीत मटारचं भांडं. ट्रकवाला काकुळतीला आलेला. ‘आजी, उतरा हो, मला अजून दोन गाड्या उचलायच्यात.’ ‘मग त्या उचल आधी.’ ‘साहेबांनी विकलीय, हे बघा कागद.’ ‘कागद घेऊन जा. गाडी राहू दे.’ ‘आजी, गाडी त्यांच्या नावावर आहे.’ त्यावर आईने एक शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले आणि विचारलं, ‘आणि तो कुणाच्या नावावर आहे?’ गल्ली हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं, मला तुझा गळा दाबावासा वाटत होता.

कारण ती गाडी आता मी चालवते. हेही तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलंच नाहीस. बाबा गेले त्या रात्रीनंतर तू मोबाइलवरची गाडीची जोडणीच काढून टाकलीस, हे मला कंपनीच्या माणसाकडून कळलं, मी तिची सर्व्हिसिंग करायला गेले तेव्हा. मी ती गाडी परत शेडमध्ये लावली. घरी आले की लगेच चार्जिंगला लावते, उबदार असतानाच. रोजच्या कामाला ऐंशी टक्क्यांपुढे भरत नाही आणि वीसच्या खाली उतरू देत नाही. सकाळी निघायच्या आधी वायर लावलेली असतानाच आत हीटर सुरू करते, म्हणजे ती ऊब घरच्या विजेवर होते आणि बॅटरी रस्त्यासाठी राहते. नंतर सीट तेवढी गरम ठेवते. उतारावर गाडी एरवी वीज परत भरून घेत आपोआप हळू होते, गारठलेली असली की तसं फारसं होत नाही, म्हणून ब्रेक जपून धरते. आणि काय सांगू, गाडी जवळजवळ म्हणते तेवढं चालते. तुझं बरोबर होतं रे. या घरात तुझं ऐकणारी मी एकटीच निघाले, आणि तू माझ्याच खालून गाडी काढून विकायला निघालास.

मी ट्रकवाल्याला आत बोलावलं, चहा दिला. माणूस भला होता. कप ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, ‘ताई, मी जातो परत, तुम्ही तिकडे बोलून घ्या. पण साहेबांवर रागावू नका. ते मला फोनवर म्हणाले, माझे वडील त्या गाडीत गारठून गेले. मीच त्यांना सांगितलं होतं हीटर बंद ठेवा म्हणून. मिळेल त्या भावात न्या, पण ती गाडी माझ्या आईच्या दारात उभी नको.’ तो हे बोलला आणि चहाबद्दल आभार मानून गेला.

धाकट्या, तुला काय म्हणावं? ज्या माणसाचं तोंड तू कधी पाहिलं नाहीस, त्या ट्रकवाल्याला हे सांगितलंस. मला नाही सांगितलंस. टायर विचारलेस, वारा विचारलास, चढ विचारलास. हीटरचं मात्र इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नाहीस. आता माझ्या डोक्यात उजेड पडतोय. आदल्या संध्याकाळी तू बाबांना फोन करून झापलंस, ते आईने ऐकलं होतं. एवढ्या थंडीत अमोनियाकाकांना त्यांच्या मुलीकडे पोचवायला जाताय, त्या गावात चार्जिंगची सोय नाही, हीटर लावाल तर परत घरी पोचणार नाही, बंद म्हणजे बंद ठेवा. आणि बाबा, भांडण न करता, ‘बरं, बरं’ म्हणाले. ते असं कधी म्हणत नसत. मग रात्री तू मोबाइल उघडलास. बॅटरी नऊ टक्के, हीटर बंद, गाडी रस्त्याच्या कडेला. तू पुलांची गणितं करणारा माणूस. तू हेही गणित मांडलंस, आणि उत्तर काय आलं ते उराशी घेऊन तिकडे बसलास. म्हणून तू येत नाहीस. आईच्या समोर उभं राहायला तुला तोंड नाही असं तुला वाटतं. मूर्खा.

म्हणून हे पत्र. त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललेली नाही, आईशीसुद्धा थोडक्यातच, पण तुला सगळं सांगते. काकांना सोडून परत येताना घाटाखालच्या रोपवाटिकेपाशी, बहुतेक बरं वाटेना म्हणून, बाबांनी गाडी व्यवस्थित कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकत ठेवले. रोपवाटिकेतल्या बाईंना ते झोपल्यासारखे दिसले. त्यांनी काच वाजवली, मग दार उघडून बाबांच्या फोनवरून मला फोन केला. मी शेजाऱ्यांच्या गाडीने पोचले. दार उघडलं तेव्हा माझ्या चष्म्यावर एकदम वाफ धरली, मला काही दिसेना. आतून भट्टीसारखी धग आली. हीटर पूर्ण सोडलेला होता, धाकट्या. बाबांनी स्वेटर काढून शेजारच्या सीटवर टाकला होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या. हात कोमट होते. समोर बॅटरीचा आकडा होता तेहेतीस टक्के, घरी आरामात पोचले असते. डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, थंडीचा त्यात काही संबंध नाही. काका तर भेटायला आले तेव्हा सांगत होते, की जाताना सबंध रस्ता मी याला म्हणत होतो, अरे, भाजून काढतोस का मला, जरा कमी कर, तर म्हणे, गप बस, पोराला कळलं तर ओरडेल. तेहेतीसचे नऊ झाले ते माझ्यामुळे. ॲम्ब्युलन्स यायला फार उशीर झाला. मी त्यांच्या शेजारी, त्यांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसून राहिले, आणि हीटर बंद करायला माझा हात होईना. त्यांना नेलं तेव्हा मी बटण दाबलं, आणि तेच तुला दिसलं. तू पाहिलेला आकडा माझा आहे, बाबांचा नाही. बाबांनी जन्मभर तुझं कधी ऐकलं होतं का, की त्याच दिवशी ऐकतील? त्यांनी तुझं ऐकलं नाही. आता तू माझं ऐक. आई तुझ्या तोंडाकडे बघून काही विचारणार नाही, तिला तू फक्त समोर जेवायला बसलेला हवा आहेस. विमान कुठलं ते कळव, मी गाडी घेऊन येते. जाऊन-येऊन पुरेल, मी बघून ठेवलं आहे, तू आकडेमोड करत बसू नकोस.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई